संत पर्पेट्युआ आणि संत फेलिसिटी

संत पर्पेट्युआ आणि संत फेलिसिटी (मृत्यू: ७ मार्च, इ.स. २०३) या उत्तर आफ्रिकेतील कार्थेज येथे ख्रिस्ती श्रद्धेसाठी मृत्युदंड भोगलेल्या दोन रक्तसाक्षी स्त्रिया होत. कार्थेजचे अवशेष आजच्या ट्युनिशियाची राजधानी ट्युनिसजवळ आहेत. पर्पेट्युआचे तुरुंगातील आत्मकथन हे ख्रिस्ती स्त्रीच्या सर्वांत जुन्या उपलब्ध लेखनांपैकी एक मानले जाते.

अटक
रोमन सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस याच्या कारकिर्दीत बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्या काही तरुणांना पकडण्यात आले. त्यांपैकी विबिया पर्पेट्युआ ही सुमारे २२ वर्षांची, कुलीन व सुशिक्षित विवाहिता असून तिचे मूल अंगावर पीत होते. फेलिसिटी ही गर्भवती गुलाम स्त्री होती. त्यांचा मार्गदर्शक सॅट्युरस नंतर स्वतःहून अधिकाऱ्यांच्या स्वाधीन झाला.

आत्मकथन
तुरुंगातील काळोख व उकाडा, बाळाची काळजी आणि चार दृष्टान्त यांचे वर्णन पर्पेट्युआने केले आहे. पतीचा त्यात उल्लेखही नाही. वडील मात्र वारंवार येतात. आपल्या म्हातारपणाकडे व तान्ह्या मुलाकडे पाहून माघार घे, अशी ते विनवणी करतात. सुनावणीच्या वेळी हिलारियानस या अधिकाऱ्याने सम्राटांच्या कल्याणासाठी बळी अर्पण करण्यास सांगितले असता तिने नकार दिला. तिचे मन वळवू पाहणाऱ्या वडिलांना त्याने छडीने मारविले. त्यांच्या दुःखाने ती व्यथित झाली, परंतु निश्चयापासून ढळली नाही. शिक्षेनंतर वडिलांनी मूल तिच्याकडे परत देण्याचे नाकारले.

हौतात्म्य
गर्भवतीला मृत्युदंड देण्यास रोमन कायद्याची मनाई होती. सोबत्यांपासून ताटातूट होईल याचेच फेलिसिटीला दुःख होते. आठव्या महिन्यात तुरुंगातच तिला मुलगी झाली. एका ख्रिस्ती स्त्रीने तिला आपली मुलगी म्हणून वाढविले. राजपुत्र गेटा याच्या वाढदिवसानिमित्त झालेल्या खेळांत दोघींना उन्मत्त गायीपुढे सोडण्यात आले. शेवटी नवशिक्या ग्लॅडिएटरचा कापणारा हात पर्पेट्युआने स्वतःच आपल्या गळ्याकडे नेला, असे वृत्तान्तात म्हटले आहे.

वृत्तान्ताचे स्वरूप
उपलब्ध वृत्तान्त लॅटिन व ग्रीक या दोन्ही भाषांत आहे. पर्पेट्युआ व सॅट्युरस यांची प्रथमपुरुषी कथने त्यात असून प्रस्तावना आणि मृत्यूची हकिगत अज्ञात संकलकाची आहे. फेलिसिटीचे स्वतःचे लेखन नाही; तिची माहिती प्रामुख्याने या संकलकामुळेच टिकली. पुढे संत ऑगस्टिन यांनी या दोघींच्या स्मृतिदिनी प्रवचने दिली. मात्र हा वृत्तान्त प्रमाणभूत धर्मग्रंथांपैकी नव्हे, असेही त्यांनी बजावले.

स्मरण
कुलीन स्त्री आणि गुलाम स्त्री यांची नावे रोमन मिस्साविधीच्या प्राचीन प्रार्थनेत एकत्र घेतली जातात. कॅथलिक चर्च ७ मार्च रोजी त्यांचा सण पाळते.