कोहळं, धांडे आणि गोष्टीचं पुस्तक

आसेगावात मी अंगणवाडी सेविका म्हणून लागले तेव्हा गाव अकोला जिल्ह्यात होतं. वाशीम जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ ला. मला मिळालेल्या सामानात वजनकाटा होता, सतरंजी होती, रजिस्टरं तर ढीगभर. चित्रांचं गोष्टीचं पुस्तक मात्र एकही नव्हतं.

मागच्या दिवाळीत पुण्याची भाची सांगत होती, तिच्या पोरीला ती एका वर्गाला नेते. तिथं चित्रांचं पुस्तक वाचतात, त्यातली एखादी वस्तू हातानं करतात, मग गोष्टीतलाच खाऊ खातात. फी भरून. मी म्हटलं, "अगं, ही तर आमची भुलाबाई!"

भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत वऱ्हाडात भुलाबाई बसते. मातीचे भुलाबाई-भुलोजी, वर ज्वारीच्या पाच धांड्यांचा मखर. गाण्यांतून सासर-माहेराची गोष्ट उलगडत जायची, टिपऱ्या वाजायच्या, आणि शेवटी खरी गंमत खाऊची. झाकलेला डबा कानाशी हलवायचा आणि आत काय ते ओळखायचं. फुटाणे खुळखुळतात, मुरमुरे नुसते सरसरतात. डब्यात शिरा असला की सगळ्या हरल्या! उरलेले धांडे पोरं सोलायची. सालाच्या काड्या आणि आतला भेंड जोडून बैलगाडी करायची, चष्मा करायची.

अशा गोष्टी-खेळांना शिक्षणाचं रूप दिलं ताराबाई मोडकांनी. लग्नानंतर त्या काही वर्षं अमरावतीत राहिल्या, म्हणून मला त्या आमच्याकडच्याच वाटतात. पुढे भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत बालशिक्षणाचं काम करून १९३६ साली त्यांनी दादरला शिशुविहार काढलं. पण पोरांसोबत बसणाऱ्या बाईला जास्त शिकवतं ते १९४५ चं बोर्डी गावातलं काम. वस्तीतली पोरं बालवाडीत येईनात, तेव्हा ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ बालवाडीच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. महागड्या मॉण्टेसरी साधनांऐवजी बिया, पानं, शिंपले घेतले. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. सरकारची एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला देशात ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि त्या शब्दासोबत आहार आला, लसी आल्या, वजनाचे तक्ते आले. गोष्ट सेविकेच्या तोंडात राहिली.

पुस्तकं काढायला नॅशनल बुक ट्रस्ट १९५७ पासून आहे, प्रथम बुक्सची स्वस्त पुस्तकं २००४ नंतर निघाली. माझ्या सतरंजीवर पहिलं चित्रपुस्तक आलं ते त्याच्याही बऱ्याच नंतर. तोवर माझी हुकमी गोष्ट म्हणजे भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी. पोरांना 'भोपळा' कळेना. आमच्याकडं त्याला कोहळं म्हणतात. मग एक अख्खं कोहळंच आणलं. फोडलं, बिया धुऊन वाळवल्या आणि जुन्या रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर खळीनं चिकटवून त्यांची म्हातारी केली. मदतनीसबाईंनी घरून गूळ-कणीक आणून त्याच कोहळ्याची बोंडं तळली. एक पोरगं बोंड हातात धरून विचारत होतं, "म्हातारी आत हाय का?"

तपासणीला आलेल्या एका बाईंनी विचारलं, बोंडं आहाराच्या तक्त्यात कुठं बसतात? कुठंच नाही. तीन ते सहा वर्षांच्या पोराला दिवसाला ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं द्यायची, हा तेव्हाचा हिशेब मला पाठ होता आणि तो चूकही नव्हता. पण पोराला भूक लागते ती गोष्ट ऐकता ऐकता, तक्ता पाहून नाही.

आता पुस्तकं आहेत. घोटीव कागदाची, रंगीत, पोरं पानं चाटतात इतकी सुंदर. नाहीत ते धांडे. शिवारात नजर जाईल तिथवर सोयाबीन, आणि त्याच्या काड्यांची बैलगाडी होत नाही. गेल्या कोजागिरीला मखराला पाच धांडे मिळवायला मला दोन गावं फिरावी लागली. यंदा कुणाच्या धुऱ्यावर चार तासं ज्वारी उभी असेल, तर कापायच्या आधी सांगा. मी पोरं घेऊन येते.