संस्थानी सीमेचे कवच आणि जालन्याचा विक्रेता

दूरच्या कंपनीच्या नावाने माल विकणाऱ्या स्थानिक विक्रेत्याचे तिच्याशी बिनसले, तर तंटा कोणत्या गावी चालावयाचा? करारातील एका ओळीने हा प्रश्न सुटतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती ओळ कितपत टिकते हे मात्र राज्याचा कायदा ठरवितो. कुंडलिकेकाठच्या जुन्या जालन्याच्या बाबतीत तर प्रथम राज्याच्या सीमेनेच ते ठरविले.

गोदावरी खोऱ्याच्या लोहमार्गाने १९०० च्या सुमारास जालना मनमाडमार्गे मुंबईशी जोडले गेले. पण गाव निजामाच्या राज्यात होते. मुंबईच्या न्यायालयाचा हुकूमनामा तेथे परराज्याचा निवाडा ठरे. फरीदकोटच्या राजाच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने १८९४ मध्ये घालून दिलेले तत्त्व असे होते की, ज्याने परक्या न्यायालयाचा अधिकार मान्य केलेला नाही अशा गैरहजर प्रतिवादीविरुद्धचा निव्वळ पैशाच्या दाव्यातील हुकूमनामा आंतरराष्ट्रीय दृष्ट्या शून्यवत होय. करारातच मुंबईचे न्यायालय मान्य केलेले असल्यास हा बचाव अर्थातच दुबळा पडे. एरवी मुंबईच्या धनकोला निजामी न्यायालयाची पायरी चढणे भाग होते. लहान व्यापाऱ्याचे हे संरक्षण कोणी हेतुपूर्वक निर्मिलेले नव्हते. सरहद्दीने ते आपोआप दिले होते.

१९५१ मध्ये भारतीय करार कायदा व दिवाणी प्रक्रिया संहिता हैदराबाद राज्यास लागू झाली आणि ही भिंत पडली. जुन्या हुकूमनाम्यांचा गुंता मात्र रेंगाळला. ग्वाल्हेरच्या न्यायालयाने नोव्हेंबर १९४८ मध्ये दिलेला एकतर्फी हुकूमनामा अलाहाबादेस बजावता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने सरदार शितोळे यांच्या प्रकरणी १९६२ मध्ये दिला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, तेव्हा जालन्याची अपिले हैदराबादेऐवजी मुंबईच्या उच्च न्यायालयाकडे वळली. ऑगस्ट १९८१ मध्ये औरंगाबादेस खंडपीठ बसल्यावर ते अंतर कमी झाले. परंतु अपिलाचे गाव जवळ येणे निराळे आणि मूळ दाव्याचे गाव जवळ असणे निराळे. दुसऱ्या बाबतीत काळ उलट दिशेने गेला. हाकमसिंग विरुद्ध गॅमन या १९७१ च्या निर्णयाने, दोन न्यायालये सक्षम असता करारान्वये त्यांपैकी एकच निवडण्यास मोकळीक असल्याचे मान्य केले. तेथील दावा वाराणसीत दाखल झाला होता. करारात मुंबई होती, आणि मुंबईच टिकली. निवड करणारा पक्ष बहुधा करार छापणारा असतो, हे सांगावयास नकोच.

हीच असमानता ओळखून कॅलिफोर्नियाने १९७० मध्ये फ्रँचाईझीसंबंधी स्वतंत्र कायदा केला. त्या कायद्यातील हक्क करारानेही सोडता येत नाहीत, म्हणून असे दावे लवादाकडे न जाता न्यायालयातच चालावेत, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. ‘सेव्हन-इलेव्हन’ दुकानांच्या साऊथलँड विरुद्ध कीटिंग या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये तो निर्णय फिरविला. संघराज्याचा लवाद कायदा श्रेष्ठ ठरला. म्हणजे राज्याने उभारलेली भिंतही वरून पडू शकते.

भारतात असा स्वतंत्र कायदा नाही. २०१५ च्या वाणिज्यिक न्यायालय अधिनियमाने फ्रँचाईझी व वितरण करारांचे तंटे आपल्या कक्षेत घेतले. विक्रेत्याचे गाव राखण्याची तरतूद त्यात नाही. दरम्यान जालन्याची बाजूही पालटली आहे. १९६४ मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी तेथे महिको ही बियाणे कंपनी स्थापिली आणि गाव स्वतःच दूरदूरच्या विक्रेत्यांना माल पुरविणारे झाले. अशा करारात जालन्याचे न्यायालय नमूद असेल, तर आता परगावच्या विक्रेत्यास कुंडलिकेकाठी यावे लागेल.