कादंबरीने नेसवलेला इतिहास

इंग्रजी अभिजात कादंबऱ्यांवरील पोशाखी चित्रपट आणि मालिका पाहताना प्रेक्षकाला एक मोकळीक असते: त्यांतील माणसे बहुधा कधी जगलेलीच नसतात. जेन ऑस्टेनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'वर बीबीसीने १९९५ साली सहा भागांची मालिका केली. तिच्यात डार्सी तळ्यात उडी घेतो आणि ओल्या कपड्यांनिशी एलिझाबेथसमोर येतो. मूळ पुस्तकात हा प्रसंग नाही. तो पटकथाकार अँड्र्यू डेव्हिस यांचा. तरीही त्या मालिकेतला सर्वाधिक गाजलेला प्रसंग तोच. यात ऑस्टेनवर अन्याय झाला असे फार तर म्हणता येईल. डार्सीवर मात्र अन्याय होऊ शकत नाही, कारण तो मुळातच कल्पनेतला.

मराठी पडद्यावरील पोशाखी परंपरेला ही मोकळीक कधीच नव्हती. ती ऑस्टेनच्या नव्हे, तर वॉल्टर स्कॉटच्या घराण्यातली. स्कॉटच्या 'वेव्हर्ली'पासून (१८१४) ऐतिहासिक कादंबरीचा जो साचा रूढ झाला, तो इंग्रजी शिक्षणाबरोबर आपल्याकडे आला. खानदेशातील पारोळे येथे १८६४ साली जन्मलेल्या हरि नारायण आपट्यांनी या प्रकारातील आपल्या लेखनाचा आरंभ 'म्हैसूरचा वाघ'ने केला, तोही मेडोज टेलरच्या टिपू सुलतानावरील इंग्रजी कादंबरीच्या आधाराने. पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी तानाजी मालुसऱ्यांवर 'गड आला पण सिंह गेला' लिहिली. तीवरून कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटरांनी १९२३ साली 'सिंहगड' हा मूकपट काढला. रात्रीच्या प्रसंगांसाठी त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला, आणि रंगवलेल्या पडद्यांऐवजी उभारलेली दृश्ये आणली. त्यात शेलारमामांची भूमिका करणाऱ्या व्ही. शांताराम यांनी १९३३ साली प्रभातसाठी तोच विषय बोलपटात आणला.

आता या कादंबरीने इतिहासाला काय दिले ते पाहू. तानाजींनी १६७० साली कोंढाणा घेतला आणि त्यात त्यांना वीरमरण आले, हे निर्विवाद. मात्र सती जाण्यास निघालेल्या आणि उदयभानूने पळवून आणलेल्या कमलकुमारीचे सूत्र ही कथेची गरज होती. खलनायक केवळ शत्रूचा किल्लेदार असून भागत नाही, त्याला खासगी पापही लागते. हा स्कॉटच्या वळणाचाच संस्कार. शंभराहून अधिक वर्षांनंतर, २०२० च्या 'तान्हाजी'त पळवून आणलेल्या विधवेचे तेच सूत्र पुन्हा भेटते. गडाच्या नावाचेही तसेच. तानाजींच्या मृत्यूमुळे कोंढाण्याचा 'सिंहगड' झाला असे आपण सहज सांगतो; पण १६६३ च्या शिवकालीन पत्रात 'सिंहगड' हे नाव आढळते. कागद एक सांगतो आणि कादंबरीचे शीर्षक दुसरेच. लोकांच्या ओठांवर शीर्षक राहिले.

पडद्यावर येताना यात आणखी एक भर पडते, ती वस्त्रांची. शब्द वाचताना आपण मनाशी थोडी शंका ठेवू शकतो. डोळ्यांना दिसलेल्या पगडीबद्दल शंका राहत नाही. रणजित देसाई यांच्या 'स्वामी'वर (१९६२) दूरदर्शनने ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात मालिका केली. वाड्यातले बोलणे, संकोच, मर्यादा यांवर भर देणारी ती मालिका बीबीसीच्या वळणाला आपल्याकडे सर्वांत जवळची म्हणावी लागेल. रवींद्र मंकणी आणि मृणाल देव यांचे चेहरे अनेक घरांत माधवराव-रमाबाईंचे चेहरे होऊन बसले. उलट ना. सं. इनामदारांच्या 'राऊ'वर आधारलेल्या 'बाजीराव मस्तानी'त (२०१५) काशीबाई आणि मस्तानी नऊवारी नेसून एकत्र नाचल्या, तेव्हा पेशव्यांच्या वंशजांनी आक्षेप घेतला. ती तक्रार केवळ नेसण्याच्या पद्धतीची नव्हती. काशीबाई ही डार्सी नव्हे, एवढेच त्या आक्षेपाचे सार होते.

परंतु चुकीच्या वस्त्रापेक्षा मोठी हानी वस्त्रच न मिळण्यात आहे. नांदगाव तालुक्यात माणिकपुंजचा किल्ला आहे. शेजारच्या येवले तालुक्यात अंकाई-टंकाईची जोडी. अंकाई १६३५ साली मोगलांनी घेतली, १८१८ साली ती इंग्रजांच्या हाती गेली. मधल्या पावणेदोनशे वर्षांत तेथेही पहारे बदलले असतील, माणसे पडली असतील. नांदगावच्या शाळकरी मुलाला मात्र सिंहगडावरील घोरपडीची कथा तोंडपाठ असते आणि माणिकपुंज म्हणजे एक उघडा डोंगर वाटतो. याला त्याचा आळस कारण नाही. त्या डोंगराला हरिभाऊ मिळाले नाहीत, म्हणून बाबूराव पेंटरही मिळाले नाहीत. कादंबरीने जे निवडले ते पडद्यावर आले, आणि पडद्यावर जे आले तेच आपण इतिहास म्हणून सांभाळले.

म्हणून अशा चित्रपटांवर बहिष्कार घालावा, असे मुळीच नाही. 'सिंहगड' नसता तर कित्येकांना तानाजीही ठाऊक झाले नसते. अपेक्षा एवढीच, की पडदा पडल्यावर प्रेक्षकाने दोन प्रश्न विचारावेत: यातले कागदावरचे किती आणि कादंबरीकाराचे किती? आणि या झगमगाटाच्या बाहेर, आपल्याच तालुक्यात, कोणाचे नाव अजून घ्यायचे राहिले आहे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर इतिहासकार देऊ शकतील. दुसऱ्याचे उत्तर तेथे राहणाऱ्यांनाच शोधावे लागेल.