‘मी’, ‘आम्ही’ आणि ‘आपण’ : समूहसंभाषणातील अर्थनिर्मिती
नागपूर येथे २० जुलै १९४२ रोजी सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली. आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखतींवर आधारलेला ऊर्मिला पवार व मीनाक्षी मून यांचा ग्रंथ १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ या नावाने प्रसिद्ध झाला. मराठीतील ‘आम्ही’ हे सर्वनाम श्रोत्यास वगळते, ‘आपण’ त्यास सामावून घेते. शीर्षकातील ‘ही’ हे अव्यय इतिहासाने वगळलेल्यांचा हक्क सांगते. समूहात एकीच्या ‘मी’ला दुसरीचा दुजोरा मिळाला की त्याचे ‘आम्ही’ होते; क्वचित मुलाखतकारासही ‘आपण’मध्ये स्थान मिळते. टिपणात हा क्रम पुसला गेल्यास सहमती कोणी घडविली आणि मौन कोणी पाळले, हे कळत नाही. म्हणून सर्वनामांची यथातथ्य नोंद इतिहाससंशोधकास अपरिहार्य ठरते.