वैद्यकीय इच्छापत्राचे कूळ आणि मूळ

मृत्युपत्र माणसाच्या मृत्यूनंतर अमलात येते, तर वैद्यकीय इच्छापत्र तो जिवंत असताना, परंतु स्वतः निर्णय घेण्याच्या अवस्थेत नसताना अमलात येते. आजार बरा होण्यापलीकडे गेल्यास कृत्रिम श्वसनयंत्र, डायलिसिस किंवा नळीवाटे अन्न यांपैकी काय नको, आणि आपल्या वतीने डॉक्टरांशी कोणी बोलावे, हे सज्ञान व शुद्धीवरचा माणूस त्यात आधीच लिहून ठेवतो. दयामरणाच्या वादातून जन्मलेल्या या दस्तऐवजाच्या भारतीय इतिहासाचा मोठा भाग महाराष्ट्रात घडला असला, तरी त्याचे मूळ मात्र दूर, एका साथीत आहे.

१९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भीषण साथ आली, तेव्हा ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने रुग्णांच्या श्वासनलिकेत छिद्र पाडून, वैद्यकीय विद्यार्थ्यांकरवी हाताने हवा भरवून अनेकांचे प्राण वाचवले, आणि त्या प्रयोगातून पुढे अतिदक्षता विभाग उभा राहिला. श्वास थांबला की माणूस गेला, ही मृत्यूची जुनी खूण त्यामुळे निकामी झाली. मेंदू कायमचा निवला असतानाही शरीर चालू ठेवता येऊ लागले, तेव्हा यंत्र कधी काढावे हा प्रश्न भूलतज्ज्ञांनाच प्रथम पडला, आणि १९५७ मध्ये पोप बारावे पायस यांनी त्यांच्यासमोर बोलताना असाधारण उपचार चालू ठेवण्याचे बंधन डॉक्टरांवर नाही, असे सांगितले. शिकागोचे वकील लुइस कुटनर यांनी १९६७ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राची कल्पना मांडली व १९६९ मध्ये ती एका विधि-नियतकालिकात सविस्तर लिहिली. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियाने त्यावर कायदा केला.

मराठी मुलखाला देहत्यागाची परंपरा अनोळखी नव्हती. अन्न क्रमाक्रमाने कमी करत देह ठेवण्याचे सल्लेखना हे जैन व्रत आचार्य शांतिसागर यांनी १९५५ मध्ये कुंथलगिरी येथे पूर्ण केले, वि. दा. सावरकरांनी फेब्रुवारी १९६६ मध्ये अन्न व औषधे सोडून देह ठेवला आणि विनोबा भाव्यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला तेच केले. तथापि या परंपरेला वैद्यकीय इच्छापत्राची पूर्वज मानणे सयुक्तिक नाही, कारण तिघांनीही तो निर्णय पूर्ण शुद्धीत घेतला होता आणि तो फिरवणे त्यांच्याच हाती होते. बेशुद्ध रुग्णाला ही सोय नसते, आणि इच्छापत्राची गरज नेमकी तेथे उद्भवते.

भारतात या विचाराला संस्थेचे रूप मुंबईत मिळाले. मिनू मसानी यांनी १९८१ मध्ये सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था स्थापन केली, आणि त्याच दशकात समाजवादी नेते सदानंद वर्दे यांनी विधान परिषदेत, असाध्य रुग्णाचे यांत्रिक उपचार थांबवणाऱ्या डॉक्टरांना संरक्षण देणारे अशासकीय विधेयक मांडले, जे पुढे सरकले नाही. पुढे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ग्यान कौर खटल्यात जगण्याच्या हक्कात मरण्याचा हक्क येत नाही असे ठरवले. मात्र मृत्यूची नैसर्गिक प्रक्रिया सुरू झाल्यावर तो सन्मानाने यावा, हे त्या हक्कात बसते, अशी वाट मोकळी ठेवली.

ती वाट रुंद झाली ती अरुणा शानबाग यांच्यामुळे. केईएम रुग्णालयातील या परिचारिकेवर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथीलच एका कर्मचाऱ्याने अत्याचार केला. साखळीने गळा आवळल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला, आणि त्यानंतरची सुमारे ४२ वर्षे त्या त्याच रुग्णालयात खाटेवर होत्या. लेखिका पिंकी विराणी यांनी त्यांचे अन्न थांबवण्याची परवानगी मागितली, तर केईएमच्या परिचारिकांनी, ज्या पिढ्यान्‌पिढ्या त्यांना भरवत, पुसत आणि कूस बदलून देत आल्या होत्या, त्यांनी कडाडून विरोध केला. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने याचिका फेटाळली, अरुणा यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला, आणि तरीही निष्क्रिय दयामरणास, म्हणजे जीव टिकवणारे उपचार न देण्यास वा काढून घेण्यास, उच्च न्यायालयाच्या परवानगीने मुभा दिली. या खटल्यात खरा पेच होता तो अरुणा यांची स्वतःची इच्छा कोठेच नोंदलेली नव्हती याचा. एकीकडे करुणा व दुसरीकडे क्रौर्य अशी त्या वादाची मांडणी करणे परिचारिकांवर अन्याय करणारे आहे. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने अरुणा यांचे निधन झाले.

९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ खटल्यात घटनापीठाने वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली. इंजेक्शन देऊन जीव घेणे, म्हणजे सक्रिय दयामरण, आणि रुग्णाने स्वतः घ्यावे म्हणून डॉक्टरने घातक औषध पुरवणे, म्हणजे वैद्यसाहाय्यित आत्महत्या, हे दोन्ही आजही गुन्हे आहेत. ज्या देशात दवाखान्याच्या बिलापायी दागिने मोडतात आणि शेत गहाण पडते, तेथे ‘मला मरू द्या’ या वाक्यात रुग्णाची इच्छा किती आणि घरावर भार होण्याची भीती किती, हे ओळखणे कठीण असल्याने हा प्रतिबंध योग्यच म्हटला पाहिजे. वेदनाशमनाची सोय सर्वांना मिळेपर्यंत तो सैल करू नये.

२०१८ च्या नियमांनी मात्र मालेगावसारख्या शहराला जवळजवळ वगळलेच होते. वीस वर्षांच्या अनुभवाचे तीन तज्ज्ञ, त्यानंतर निराळ्या तज्ज्ञांचे दुसरे मंडळ आणि शिवाय न्यायदंडाधिकाऱ्यांची रुग्णभेट, एवढा संच मोसमकाठच्या या यंत्रमागांच्या गावात जमवणे दुरापास्त होते. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने अनुभवाची अट पाच वर्षांवर आणली, दंडाधिकाऱ्यांच्या भेटीऐवजी त्यांना केवळ कळवणे पुरेसे मानले, आणि इच्छापत्र दोन साक्षीदारांसमक्ष सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करण्याची सोय दिली. शहरातील बहुसंख्य मुस्लिम समाजालाही हा विषय सर्वस्वी परका नाही, कारण जीव घेणे निषिद्ध मानूनही, मेंदूमृत्यूनंतर यंत्र काढण्यास आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने १९८६ मध्ये अम्मान येथे संमती दिली आहे.

इच्छापत्राची प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेच्या सक्षम अधिकाऱ्याने जपून ठेवायची असते, आणि ही व्यवस्था प्रत्यक्षात यावी म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार यांना उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली. मालेगाव महानगरपालिकेने आपल्या अधिकाऱ्याचे नाव व बसण्याची जागा कार्यालयातील दर्शनी फलकावर मराठी आणि उर्दू अशा दोन्ही भाषांत लावावी, आणि सामान्य रुग्णालयाने इच्छापत्राचा नमुना तेथे येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला मागताच द्यावा.