मोटारगाडीतील विद्युत् दारखटका

मोटारगाडीच्या दाराचा खटका मुठीने न ओढता, कळ दाबून विद्युत् चुंबकाच्या साहाय्याने सोडविण्याच्या प्रयुक्तीस विद्युत् दारखटका म्हणतात. तिचा मुख्य घटक नालकुंतल हा होय. कारागिरांत तो सोलेनॉइड याच नावाने परिचित आहे. विद्युत् प्रवाहाचा चुंबकीय परिणाम हान्स क्रिस्टिआन अर्स्टेड यांनी १८२० मध्ये दाखविला. नळीच्या आकाराच्या वेटोळ्यास नळी या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून सोलेनॉइड हे नाव आंद्रे मारी अँपिअर यांनी दिले. अशा वेटोळ्यात लोखंडी दांडा सरकता ठेवला, तर प्रवाह सुरू होताच तो आत ओढला जातो.

स्क्रिप्स-बूथ या अमेरिकन गाडीत १९१४ च्या सुमारास विजेवर चालणारी दारांची कुलपे होती. पण ती कल्पना मागे पडली आणि पॅकार्ड कंपनीने १९५६ मध्ये तिचे पुनरुज्जीवन केले. मात्र कुलूप लावणे-काढणे वेगळे व खटकाच ओढून दार उघडणे वेगळे. या दुसऱ्या कामी नालकुंतल रुजविण्याचे श्रेय कारखान्यांपेक्षा कॅलिफोर्नियातील गाड्यांचे रूप पालटणाऱ्या कारागिरांकडे जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस अँजेल्स परिसरात सॅम व जॉर्ज बॅरिस या बंधूंसारख्यांनी हा व्यवसाय भरभराटीस आणला. गाडीचे अंग नितळ दिसावे म्हणून दाराच्या मुठी काढून छिद्रे बुजवीत आणि सांधे शिशाच्या मिश्रधातूने भरून घासून काढीत. मूठ गेल्यावर दार उघडायचे कसे, या अगदी व्यावहारिक अडचणीतून गाडीच्या बुडाशी लपविलेली कळ आणि दारातील नालकुंतल ही जोडी पुढे आली.

त्या काळी बहुतेक अमेरिकन गाड्यांची घटमाला (बॅटरी) ६ व्होल्टची असे, आणि खरी अडचण येथेच होती. खटका ओढण्यास उदाहरणार्थ ३६० वॉट लागत असतील, तर १२ व्होल्टला ३० अँपिअर, पण ६ व्होल्टला ६० अँपिअर प्रवाह लागतो. या हिशेबाने १२ व्होल्टच्या वेटोळ्याचा रोध ०.४ ओहम, तर ६ व्होल्टच्या वेटोळ्याचा ०.१ ओहम होतो. सहा मीटर लांब व १ चौ. मिमी. छेदाच्या तांब्याच्या तारेचा रोधही सुमारे ०.१ ओहम असतो. अशी तार जोडल्यास १२ व्होल्टच्या मंडलात प्रवाह २४ अँपिअरवर येतो, तर ६ व्होल्टच्या मंडलात तो निम्मा होतो. ओढ प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने (गाभा चुंबकीय दृष्ट्या संपृक्त नसेल तर) ती अनुक्रमे सुमारे ६४ व २५ टक्केच उरते. त्यातही दांडा वेटोळ्याबाहेर अधिक असताना, म्हणजे जोर सर्वांत जास्त हवा त्या आरंभक्षणी, ओढ सर्वांत कमी असते. दार उघडत नाही म्हणून नालकुंतलाला दोष दिला जातो. दोष बहुधा बारीक तारेचा असतो. १९५० नंतरच्या दशकात १२ व्होल्टची घटमाला रूढ झाल्यावर हे काम पुष्कळ सुकर झाले.

यामुळे घटमालेपासून जाड तार, तिच्या आरंभीच वितळतार (फ्यूज) आणि दाराजवळ रिले अशी मांडणी करतात. कळेतून फक्त रिलेचा अल्प प्रवाह जातो. प्रवाह तुटताना वेटोळ्यात उलट दिशेचा उच्च दाब उत्पन्न होतो. तो रिलेचे स्पर्शक जाळू नये म्हणून वेटोळ्याला समांतर डायोड जोडतात. बिजागरीपाशी तार सतत वाकून तुटते, म्हणून ती रबरी नळीतून नेतात. कळ क्षणभरच दाबावयाची असते. प्रवाह चालू राहिला तर वेटोळे तापून जळते.

घटमाला निकामी झाल्यास मुठी नसलेली गाडी बंद पेटीच बनते. यासाठी जाणते कारागीर गाडीखाली एक साधी तारदोरी दडवून ठेवीत व आतील यांत्रिक मूठ कधीही काढीत नसत. पुढे कारखान्यांनी कुलपांसाठी नालकुंतलाऐवजी कमी प्रवाहावर चालणारी लहान दंतचक्री मोटर स्वीकारली; परंतु नितळ दाराची हौस परत आली. टेस्लाच्या मॉडेल एस या गाडीत (२०१२) दाराच्या मुठी विजेने आतबाहेर सरकतात. २०२५ मध्ये अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने याच कंपनीच्या २०२१ च्या मॉडेल वाय गाड्यांची प्राथमिक चौकशी सुरू केली. दुय्यम घटमालेचा दाब उतरल्याने बाहेरील मुठी निकामी झाल्या, मुले आत अडकली आणि काही पालकांना काच फोडावी लागली, अशा तक्रारी तिच्या मुळाशी होत्या.