दमदमची गोळी

कोलकात्याला जाऊन आलेल्या आपल्यापैकी बहुतेकांना दमदम हे नाव विमानतळामुळे माहीत असते. दमदमा म्हणजे तोफांसाठी रचलेला मातीचा उंचवटा, आणि त्यावरून गावाला हे नाव पडले असे सांगतात. इंग्रजांनी तिथे छावणी आणि दारूगोळ्याचा कारखाना उभा केला. जानेवारी १८५७ मध्ये एन्फिल्ड बंदुकीच्या काडतुसांना गाईची आणि डुकराची चरबी लावतात ही बातमी पहिल्यांदा कानोकानी झाली ती याच दमदमला. एका खलाशाने ब्राह्मण शिपायाकडे पाण्याचा लोटा मागितला, शिपायाने जातीचे कारण सांगून नकार दिला आणि खलाशाने त्याला काडतुसातल्या चरबीवरून टोमणा मारला, अशी ती हकीकत आहे. पुढचे आपण शाळेत शिकलोच.

त्यानंतर चाळीस वर्षांनी याच गावच्या आणखी एका काडतुसाने जगभर वाद पेटवला. गणपती, दिवाळी आणि बाळगोपाळांच्या फोटोंनी सजलेल्या आपल्या स्मरणिकेत बंदुकीच्या गोळीवरचा लेख बघून काहींच्या भुवया उंचावतील. पण मी खडकीचा. आमच्या गावाचे दिवस अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीच्या भोंग्यावर चालत. शिवाय या गोळीच्या गोष्टीत दुबईही येते, आणि ती आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रज सैन्याकडे मार्टिनी-हेन्री बंदूक होती. तिची गोळी नुसत्या शिशाची, जाडजूड, सुमारे ३१ ग्रॅम वजनाची. शिसे मऊ असल्यामुळे अंगात शिरल्यावर ती आपोआप चपटी होई. १८८८ मध्ये तिच्या जागी .३०३ बोअरची ली-मेटफर्ड आली. हिची गोळी सडपातळ, सुमारे १४ ग्रॅमची आणि कितीतरी वेगवान. एवढ्या वेगात उघडे शिसे नळीला खरवडून चिकटते, म्हणून त्यावर तांबे-निकेलच्या मिश्रधातूचे कडक आवरण चढवले. गोळी लांब जाऊ लागली, नेम सरळ बसू लागला. पण १८९५ च्या चित्रालच्या मोहिमेतून तक्रार आली की गोळी अंगातून आरपार जाते आणि गोळी लागलेला पठाण तलवार उपसून तसाच धावत येतो.

दमदमच्या कारखान्याचे प्रमुख कॅप्टन बर्टी-क्ले यांनी त्यावर साधा उपाय काढला. आवरण टोकापर्यंत न नेता शिशाचे नाक तेवढे उघडे ठेवले. अंगावर आदळताच हे नाक मागे दबून पसरे, गोळी फुगे आणि बरेचदा आतच थांबे. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत ही गोळी आफ्रिदी टोळ्यांवर वापरली गेली. थोडक्यात, जुनी मार्टिनीची गोळी जे आपोआप करत होती तेच नव्या गोळीकडून करून घेतले, इतकाच तो शोध. मार्टिनीच्या काळात मात्र क्रौर्याची ओरड कुणी केली नव्हती.

आणि त्याच जुन्या मार्टिनी आता समोरच्या टोळ्यांच्या हातात होत्या. सुरुवातीला थोड्या होत्या, पण पुढच्या दहा-बारा वर्षांत त्यांची रीघ लागली. युरोपातल्या सैन्यांनी मोडीत काढलेल्या बंदुका जहाजाने मस्कतला येत. तिथून गलबतांतून मकरानच्या किनाऱ्यावर, मग उंटांवरून अफगाणिस्तानमार्गे सरहद्दीवर. मस्कतमधल्या फ्रेंच व्यापाऱ्यांना जुन्या तहाचे संरक्षण असल्याने इंग्रजांना तो बाजार थेट बंद करता येईना. म्हणून त्यांच्या नौदलाने आखातातल्या गलबतांची झडती घ्यायला सुरुवात केली. एकीकडे हिंदुस्थानच्या खजिन्यातून सरहद्दीसाठी गोळ्या बनत होत्या आणि दुसरीकडे याच सरहद्दीसाठी आपल्या या किनाऱ्यावरून बंदुका जात होत्या.

दुबईत त्याचा भडका उडाला तो २४ डिसेंबर १९१० रोजी, नाताळच्या आदल्या दिवशी. एच.एम.एस. हायसिंथ या युद्धनौकेवरचे सैनिक पहाटे किनाऱ्यावर उतरले. काही घरांत शस्त्रे दडवली आहेत अशी खबर होती. सशस्त्र परके लोक घराघरांत शिरू लागले तेव्हा गावकऱ्यांनी बंदुका उचलल्या. चकमक पेटली, बोटीवरून गावावर तोफा डागल्या गेल्या. दुबईचे ३७ लोक मारले गेले असे नोंदले आहे; इंग्रजांचेही काही सैनिक पडले. आणि यानंतर दंड भरायचा तो कुणी? दुबईने. शेख बुत्ती बिन सुहेल यांच्याकडे ४०० चालू स्थितीतल्या बंदुका मागण्यात आल्या. आज देरा आणि बर दुबईच्या मधून अब्रा खाडी ओलांडते, पर्यटक फोटो काढतात. त्या गर्दीत ही हकीकत सांगितली तर पाहुणे माझ्याकडे संशयाने बघतात.

पण थोडे मागे, १८९९ कडे जायला हवे. रशियाचा झार दुसरा निकोलस याच्या पुढाकाराने हेगला पहिली शांतता परिषद भरली. १८६८ मध्ये सेंट पीटर्सबर्गला ४०० ग्रॅमपेक्षा हलक्या स्फोटक गोळ्यांवर बंदी आली होती. त्यामागचा विचार असा, की शत्रूचा शिपाई लढाईतून बाद करणे एवढेच युद्धाचे काम; त्याच्या यातना विनाकारण वाढवणे हे नव्हे. हेगला तोच विचार पुढे नेऊन, शरीरात सहज पसरणाऱ्या किंवा चपट्या होणाऱ्या गोळ्यांवर बंदी घालण्याचा ठराव आला.

ठरावाला आधार होता तो ट्यूबिंगेनचे शल्यविशारद ब्रुन्स यांच्या प्रयोगांचा. गंमत अशी, की त्यांनी दमदमची गोळी तपासलीच नव्हती. त्यांनी वापरली होती ती शिकारीची, बरेच शिसे उघडे असलेली जर्मन गोळी. अ‍ॅबर्डीनच्या डॉ. अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी हे पुराव्यानिशी दाखवून दिले. (स्टॅफिलोकोकस जंतूचा शोध लावणारे ते हेच ऑग्स्टन.) इथवर इंग्रजांची बाजू मजबूत होती. ती बिघडवली त्यांच्याच प्रतिनिधीने. सर जॉन आर्डा यांचा युक्तिवाद असा होता की सुधारलेल्या देशाचा शिपाई जखमी झाला की मागे हटतो, पण रानटी माणूस हटत नाही, म्हणून त्याच्यासाठी वेगळी गोळी हवी. म्हणजे गोळी कोणती हे ठरणार कुणावर झाडायची त्यावरून! हे वाचताना आजही माझे पित्त खवळते. ठराव २२ विरुद्ध २ मतांनी संमत झाला; विरोधातली दोन मते ब्रिटन आणि अमेरिकेची. त्यातही मेख अशी, की बंदी फक्त सही करणाऱ्या देशांच्या आपसांतल्या युद्धांपुरती होती. आफ्रिदींना किंवा सुदानी दरवेशांना हेगला कुणी बोलावले नव्हते. ब्रिटनने ही बंदी स्वीकारली ती १९०७ मध्ये.

दमदमची गोळी ही काही आज म्हणतात ती ‘हॉलो पॉइंट’ गोळी नव्हे. तिचे नाक मऊ होते, पोकळ नव्हते. पोकळ टोकाची .३०३ गोळी विलायतेत वूलिचला बनली. तिला मार्क ४ म्हणत, आणि ती २ सप्टेंबर १८९८ रोजी सुदानात ओम्दुर्मानच्या लढाईत वापरली गेली. पुढे तिच्यातले शिसे निघून जाऊन आवरण नळीतच अडकून राहण्याचे प्रकार झाले आणि ती मागे घ्यावी लागली. पण बदनामी चिकटली ती दमदमला. वूलिच सुटले.

आता मुद्दा असा, की युद्धात जी गोळी निषिद्ध ठरली तीच आज कितीतरी देशांचे पोलीस मुद्दाम निवडतात. न्यूयॉर्क पोलिसांनी १९९८-९९ च्या सुमारास ती घेतली, लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांनी २०११ मध्ये. कारण, रणांगणावर गोळी आरपार गेली तर मागे बहुधा शत्रूच असतो. पण रेल्वे फलाटावर मागे एखादी आई मूल घेऊन उभी असते. पिस्तुलाची पूर्ण आवरणाची गोळी एकाला भेदून दुसऱ्याला लागू शकते. पोकळ टोकात मात्र अंगातला द्रव दाबाने शिरतो, आवरण पाकळ्यांसारखे उलगडते, ९ मिलिमीटरची गोळी १४-१५ मिलिमीटरपर्यंत फुलते आणि बहुधा आतच थांबते.

बहुधा. हा शब्द मी मुद्दाम लिहिला. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआय आणि दोन दरोडेखोरांची चकमक झाली. त्यातल्या एकाला सुरुवातीलाच पोकळ टोकाची ९ मिलिमीटरची गोळी लागली. ती फुलली, पण हृदयाच्या अलीकडेच थांबली. तो माणूस लढत राहिला आणि दोन एजंट प्राणाला मुकले. त्यानंतर एफबीआयने कसोटी ठरवली, की जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी किमान १२ इंच शिरली पाहिजे आणि १८ इंचांच्या पुढे जाता कामा नये. आजच्या पोकळ गोळ्या या मापावर घडवलेल्या आहेत.

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या भाच्याने मागे फोनवर विचारले, “मामा, घरात ठेवायला हॉलो पॉइंटच चांगली ना? भिंतीपलीकडे मुलं झोपतात.” मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे, तिकडच्या घरांच्या भिंती जिप्समच्या पत्र्यांच्या असतात. गोळीच्या पोकळीत तो भुगा बसला की ती फुलतच नाही आणि साध्या गोळीसारखी पलीकडे जाते. तेव्हा चुकलेला नेम पलीकडच्या खोलीत पोचणारच, गोळी कोणतीही असो. दुसरी गोष्ट, न्यू जर्सीच्या कायद्यात पोकळ टोकाच्या गोळ्या स्वतःच्या घरात ठेवता येतात, नेमबाजीच्या रेंजवर नेता येतात, पण त्या बाहेर इतरत्र जवळ बाळगण्यावर निर्बंध आहेत. शेजारच्या राज्यात जे चालते ते नदी ओलांडली की गुन्हा होऊ शकतो. तेव्हा दुकानदाराच्या सल्ल्याआधी वकिलाचा घ्यावा. मुलांच्या खोलीचा प्रश्न गोळीने सुटत नाही, तो कुलपाच्या पेटीने सुटतो, हेही म्हणालो. ते त्याच्या बायकोला फार पटले.

भारतात ही निवड जवळपास नाहीच. सामान्य परवानाधारकाला ९ मिलिमीटर मिळत नाही. हातातले शस्त्र बहुतेक.३२ चे. त्यातल्या पिस्तुलाचे काडतूस १८९९ पासून चालत आलेले, जॉन ब्राउनिंगच्या रचनेचे. त्याचा जोर इतका बेताचा की पोकळ गोळी त्यातून एक तर फुलत नाही, किंवा फुलली तर पुरेशी आत जात नाही. १८६९ पासून काडतुसे बनवणारी आमची खडकीची फॅक्टरी आता म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीत गेली, पण गावात अजून कुणी तिला त्या नावाने ओळखत नाही.

इथे अमिरातीत आपल्यापुढे हा प्रश्न येतच नाही. परवान्याशिवाय बंदूकच काय, एक काडतूसही जवळ असणे गुन्हा आहे. एका बाबतीत मात्र सांभाळा. सुट्टीवरून परतताना गावाकडची जुनी बॅग घेतलीत, आणि घरात वडिलांचा किंवा काकांचा बंदुकीचा परवाना असेल, तर तिचे सगळे कप्पे, अस्तराच्या आतलेसुद्धा, हात घालून तपासा. विसरलेले एक काडतूस एक्स-रेमध्ये दिसल्यामुळे विमानतळावरून पोलीस ठाण्यात गेलेले प्रवासी भारतात दरवर्षी असतात. आपल्याला त्याची कल्पनाच नव्हती हे पटवून देऊन त्यांतले बरेच जण न्यायालयातून सुटतात, पण त्यासाठी वकील, तारखा आणि बुडालेली नोकरी असे सगळे होऊन जाते.